पट्ट्याचं किती मनावर घ्यायचं?

ताई, मनगटावरचा झोप मोजणारा पट्टा साडेसहा तास झोप झाली म्हणतो आणि तुमचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो, हे भांडण आपल्याकडे नेहमीचंच. पट्ट्याला मेंदू दिसत नाही. मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून तो अंदाज बांधतो. आपण मात्र निपचित पडून इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन परतणाऱ्यांच्या गाड्या ऐकत असतो, आणि तो वेळ झोपेत जमा होतो. म्हणून जागरण त्यात बहुधा कमीच दिसतं. अर्थात आपला अंदाजही पक्का नसतो. निद्रानाशात झोपलेला वेळही पुष्कळदा जागा वाटतो.

गाढ झोपेचे रंगीत आलेख तर सोडूनच द्या. ते नीट मोजायला डोक्याला तारा लावून पॉलिसोम्नोग्राफी ही झोपेची तपासणी करावी लागते. झोपण्या-उठण्याच्या वेळांचा अदमास घ्यायला पट्टा ठीक आहे.

रात्री दोनला उठून आकडा बघणं मात्र आजपासून बंद! त्या काळजीनेच उरलीसुरली झोप उडते. उशाशी वही ठेवा. किती वाजता आडवं झालो, कधी उठलो, चहा किती, सकाळी अंदाजाने लिहायचं, घड्याळ न बघता. आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही असं होत तीन महिने झाले असतील, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीआधी सीबीटी-आयबद्दल, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायच्या निद्रानाशावरच्या उपचाराबद्दल, विचारा. घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर तेही सांगा.