काढ्याबद्दल आधी तूच विचार

प्रिय डॉक्टर,

ओपीडीत कॅन्सरचा पेशंट "दुसरं काही घेत नाही" म्हणाला की जरा त्याच्या बायकोकडे बघ. ती पदराशी चाळा करत असेल, तर घरी गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा नाहीतर कुणा वैदूची पुडी सुरू आहे असं धरून चाल. आपण ओरडतो, म्हणून लोक लपवतात.

त्यापेक्षा विचार, "घरचे अजून काय काय देतायत? पुढच्या वेळी सगळं पिशवीत घालून आणा." आणलं की नाक मुरडू नकोस. (त्या हिरव्या रसाचा वास मलाही सोसत नाही, ते सोड.) लेबल नसलेली पुडी आधी थांबव. बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. ही पाहणी २००४ मध्ये छापून आली. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, हेही लक्षात असू दे. तरी केमो चालू असताना एसजीपीटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) चढलं, तर केमोचा डोस कमी करण्याआधी गुळवेलीचं विचार. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चा रस नकोच.

पुष्कळदा पेशंटला स्वतःला ते प्यायचंच नसतं. साताऱ्याहून बाटली घेऊन आलेल्या मावशीचं मन मोडवत नाही म्हणून तो पितो. त्याला सांग, "डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणा, वाईटपणा माझ्याकडे." चेहऱ्यावरची सुटका तुला लगेच दिसेल.

योगासनं, प्राणायाम जमेल तेवढं करू दे; थकव्याला आणि झोपेला त्याचा उपयोग होतो. आल्याचा तुकडा चघळून बरं वाटत असेल, तर चघळू दे.

ऑपरेशन-केमो सोडून फक्त झाडपाल्यावर राहतो म्हणाला, तर मात्र गुळमुळीत बोलू नकोस. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं की नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांना मृत्यूचा धोका अडीचपट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. आकडे त्याच्या तोंडावर फेकू नकोस. गाठ आज केवढी आहे आणि थांबलो तर काय हातचं जाईल, ते सांग. तरी गेलाच, तर पुढची तारीख लिहून दे, म्हणजे परत यायला तोंड राहील.

आणि केसपेपरवर लिही: काय, किती, कधीपासून. रात्रीच्या ड्युटीवरच्या पोरांना ते दिसायला हवं.

तुझे सर