गोव्यात सोप्या रानवाटा: आई आणि लहान मुलाला घेऊन कुठे चालाल?

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून येताय, सोबत ६२ वर्षांची, गुडघे कुरकुरणारी आई आणि ८ वर्षांचा मुलगा. वाळूत लोळायचं नाही, रान आणि तळी बघत चालायचं आहे, पण वाट सोपी हवी. आणि दूधसागर चालत जमेल का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: नाही. दूधसागर ३१० मीटर उंचीचा, फोटोत रेल्वेच्या पुलाशेजारी सुंदर दिसतो, पण रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे आणि पकडलं तर दंड होतो. बघायचाच असेल तर कुळेहून जीपने जा आणि ती जीपची सफर आहे असं समजून जा. तुमच्या हिशोबात ती चाल बसत नाही.

आता ‘सोपं’ म्हणजे काय ते. तुम्ही घाटावरची माणसं चढ मोजता. इथे चढ फारसा नसतोच, माणूस उन्हाने आणि दमटपणाने खचतो. माझा मावसभाऊ दर रविवारी सिंहगड करतो. त्याला मी जांभ्या दगडाच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, सकाळी अकरा वाजता नेला. तासाभरात गडी एका करवंदीच्या जाळीच्या टीचभर सावलीत बसून म्हणाला, तू पुढे हो. सड्यावर झाड नाही, खालून दगड तापतो, वारा पडलेला. म्हणून इथला नियम असा: उजाडताना निघायचं, दहा-साडेदहाला परत. तुमच्या डिसेंबरात पहाटे गारवा असतो, रान अजून हिरवं असतं आणि ओढ्यांना पाणी असतं. एवढ्या चांगल्या वेळी येताय तर सकाळ झोपेत घालवू नका.

रान, तळं आणि समुद्र एकाच चालीत हवं असेल तर पेडणे तालुक्यातलं हरमल (अरंबोल). गर्दी बघून नाक मुरडाल, मीही मुरडतो, पण सकाळी सातला तिथे कुत्री आणि रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, सोडून कोणी नसतं. समुद्राकडे तोंड केलंत की उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, डोंगराच्या कुशीतून खडकाळ पाऊलवाट जाते. दोन्ही बाजूंना दुकानं, त्या वेळी झोपलेली. पंधरा-वीस मिनिटांत कालाचा किनारा लागतो. तिथे वाळूचा एक पट्टा, पट्ट्याच्या अलीकडे खारं पाणी आणि पलीकडे गोड्या पाण्याचं तळं. डोंगरातून येणारा ओहळ ते भरतो. त्या ओहळाच्या काठाने आत शिरलं की पाच मिनिटांत समुद्राचा आवाज बंद होतो. सावली, मुळ्या, ओली माती, आणि थोडं पुढे एक मोठा वड. आईंना वडापर्यंत न्या. पायाखाली मुळ्या आहेत, म्हणून हातात काठी द्या. परत फिरून तळ्याशी बसा.

दम असेल त्यांनी तिथून डोंगर ओलांडून केरीच्या किनाऱ्यावर उतरावं. आम्हाला रमतगमत सव्वा तास लागला. उतार घसरडा आहे, त्यामुळे आईंना त्यात घालू नका. त्यांना गाडीने केरीला पाठवा आणि सुरूच्या झाडांखाली भेटा. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला.

इथे एक सावधगिरी, कारण यात पाहुणे हमखास फसतात. गोव्यात केरी एक नाही. पेडण्यातली ही समुद्रावरची, दुसरी सत्तरीत चोर्ला घाटाखाली अंजुणे धरणाजवळ, तिसरी फोंडा तालुक्यात. करमळीचंही तेच: तळं आणि रेल्वे स्टेशन असलेली करमळी तिसवाडीत, जुन्या गोव्याजवळ, आणि ब्रह्मदेवाचं मंदिर असलेली ब्रह्मकरमळी सत्तरीत. टॅक्सीवाल्याला गावाबरोबर तालुकाही सांगा.

दक्षिणेत माझं मत सरळ खोतिगावला. काणकोणच्या चावडी बाजारातून कारवारच्या दिशेने निघालं की हमरस्त्यापासून थोडं आत अभयारण्याचं फाटक. ८६ चौरस किलोमीटरचं हे रान १९६८ पासून राखीव आहे. फाटकाशी तिकीट, माहिती केंद्र आणि आत ठरवून दिलेल्या वाटा. गाडीने आत जाऊन हवी ती वाट धरायची, एवढं सोपं. वाटा बहुतेक सपाट, डोक्यावर झाडांचं छत. पाणवठ्याजवळ झाडावर बांधलेला मनोरा आहे. मुलगा तिथून उतरायला तयार होणार नाही, माझी पुतणीही तयार झाली नव्हती. मनोऱ्यावरून गवा दिसेलच अशी आशा धरू नका. शेकरू मात्र डोक्यावरून उडी मारून जातं आणि धनेशाच्या पंखांचा फस्स-फस्स आवाज येतो, तो आधी ऐकू येतो आणि पक्षी मागाहून दिसतो. मुलाला एक झाड नक्की ओळखायला लावा: ऐन. आमच्याकडे माट्टी म्हणतात आणि तो गोव्याचा राज्यवृक्ष आहे. साल चौकटी-चौकटींची, थेट मगरीच्या पाठीसारखी. एकदा दाखवलं की पोरगं पुढची प्रत्येक ‘मगर’ स्वतः शोधतं आणि चालायचा कंटाळा विसरतं. आतल्या वाड्यांवर वेळीप समाजाची घरं आहेत. अंगणात शिरून फोटो काढू नका, आधी विचारा.

नेत्रावळीबद्दल थोडं जपून लिहितो, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे. सांगे तालुक्यातलं हे २११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. सावरी आणि मैनापी हे तिथले दोन धबधबे लोक एका दमात सांगतात, जणू शेजारी-शेजारी दोन दुकानं. सावरी खरंच सोपा आहे. वन खात्याच्या चौकीवर नोंद करायची, रानातून थोडं चालायचं, पुढे दगडांतून पाणी. मैनापी वेगळं प्रकरण आहे. ऑक्टोबरात मी सासऱ्यांना घेऊन दुपारी दोनला निघालो. ‘जवळच आहे’ असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि आमच्या भागात ‘जवळ’ या शब्दाला काहीच माप नाही. ओढे ओलांडता ओलांडता पाणी संपलं, पाच वाजताच झाडीत अंधार साचला आणि परतीचा शेवटचा टप्पा मोबाइलच्या उजेडात सासऱ्यांचा हात धरून काढला. ते काही बोलले नाहीत. बायको मात्र अजून बोलते. तुम्ही सावरी करा आणि परतताना गोपीनाथाच्या देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी बघा. तळातून बुडबुडे अखंड वर येत राहतात, पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले की मासे टोचतात. आईंना अख्ख्या सहलीत तेच आवडेल, लिहून देतो.

तळीच मुख्य असतील तर दोन नावं. कुडचड्याचं नंदा तळं हे २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं गोव्यातलं पहिलं पाणथळ. तिथे चालणं थोडं, बघणं जास्त. मये तळं डिचोलीजवळ, डोंगरांच्या वाटीत. आमच्या शाळेच्या सहली तिथे जायच्या. आता बंजी जंपिंगही आलंय, त्यामुळे अधूनमधून वरून किंकाळी येते. शांतता हवी असेल तर सकाळी जा.

तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर चुकवू नका. कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं. आमच्याकडे सगळीकडे जांभा, त्यामुळे ते दगड रानातून कसे आणले असतील याचा विचार करत मी दर वेळी दहा मिनिटं बसतो. देवळाशेजारी नदी आहे, तिच्या काठाने जमेल तेवढं चाला. तिथून पुढची धबधब्याची वाट आईंसाठी नाही.

बोंडला अभयारण्य लहान, ८ चौरस किलोमीटरचं, मुलाला प्राणीसंग्रहालय आवडेल. गुरुवारी बंद असतं.

आता सटरफटर पण महत्त्वाचं. डिसेंबरात जळवा नसतात, पण गोचीड असतात. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे आणि तो गोचिडीतूनच येतो, जानेवारी ते मे जोर जास्त. घाबरू नका, पण पायमोजे पँटवर ओढा, पाचोळ्यावर बसू नका, संध्याकाळी मुलाच्या काखा, कानामागे, मांड्या तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याच्या चौकीवर सांगा. कोणत्याही तळ्यात, खाणीच्या खड्ड्यात पोहू नका. दरवर्षी माणसं बुडतात. खाडीच्या आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, बाजूला मगरीही आहेत. आम्ही तिला मानगे म्हणतो आणि पौषात काही गावांत चिखलाची मगर करून पूजतोही, पण ते लांबूनच बरं.

रानात नेटवर्क जातं आणि ॲपवरून गाडी मिळत नाही, तेव्हा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा. कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी, बसगाड्या आतल्या गावांना जातात, पण मोजक्या, आणि परतीची चुकली तर वाट बघत बसावं लागतं. नाश्ता निघताना करून घ्या: भाजी-पाव, मिरची-भजी, चहा. रानात दुकान नाही. पेडणे आणि काणकोण ही राज्याची दोन टोकं, मध्ये शंभरेक किलोमीटर, म्हणून एकाच हॉटेलात मुक्काम करून रोज ये-जा करू नका. दोन रात्री उत्तरेत, दोन दक्षिणेत.

आणि एक सकाळ तिसवाडीतल्या करमळीच्या तळ्यासाठी ठेवा. काठाने रमतगमत चाला. अडई बदकं थव्याने उतरतात, जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात फिरतात, कमळपक्षी पानांवरून चालत जातो. दुर्बीण नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा. आईंचे गुडघे त्या दिवशी बोलायला लागले तरी बिघडत नाही. त्यांना कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनात फलाटावरच्या बाकावर बसवा. तळं तिथूनही दिसतं.