नॅशव्हिलला निघालेल्या मुलीच्या आईस

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी अकरावीत आहे. गिटारवर कंट्री गाणी गाते, स्वतः रचतेही. गायिका डॉली पार्टन शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेली, मीही जाणार, असा तिचा हट्ट आहे. आम्ही म्हणतो, आधी कॉम्प्युटरची डिग्री घे. काय करावं?

उत्तर : ताई, लेक सांगते ते खरं आहे, पण अर्धंच. १९६४ मध्ये डॉली नॅशव्हिलला पोचली तेव्हा ती नवखी नव्हती. टेनेसीच्या डोंगराळ भागात बारा भावंडांत वाढलेली ही मुलगी दहा वर्षांची असल्यापासून नॉक्सव्हिलच्या कार्यक्रमांत गात होती. तेराव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली. आणि नॅशव्हिलमध्ये तिचा जम आधी बसला तो गीतकार म्हणून. मामा बिल ओवेन्स यांच्यासोबत लिहिलेली गाणी इतर गायक गाऊ लागले, तिचं स्वतःचं नाव झालं ते त्यानंतर.

म्हणून मुलीची वही मागून घ्या. मुखडा आणि एक कडवं असलेली गाणी मोजू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी झालेली किती आहेत? तीसेक असतील तर बोलणं पुढे नेऊ.

डॉलीकडून खरं शिकायचं ते हक्क राखणं. तिने लिहिलेलं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने पब्लिशिंगचा, म्हणजे गाण्याच्या हक्कांच्या कमाईचा, अर्धा वाटा मागितला आणि डॉलीने नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं, ते अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि हक्क डॉलीकडेच होते. हिशेब असा : २०२३ मध्ये एका गाण्याच्या हक्कांपोटी सीडी किंवा डाउनलोडच्या प्रतीमागे १२ सेंट असा कायदेशीर दर होता. लाखभर प्रतींचे १२,००० डॉलर. रिवाजाप्रमाणे निम्मे पब्लिशरचे, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे. तिघांनी मिळून लिहिलं असेल तर प्रत्येकाच्या हाती २,०००. पब्लिशिंगचा आपला वाटा स्वतःकडे असेल तर ४,०००. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे गीतकार आणि पब्लिशरला मिळतात, गायकाला नाही. नुसता गळा असलेल्यांची ओढाताण होते ती इथेच.

नॅशव्हिलमध्ये दोघं-तिघं एका खोलीत बसून गाणं लिहितात. कोणाचा वाटा किती, ते त्याच दिवशी लिहून सह्या घ्यायच्या; गाणं गाजल्यावर कोणालाच आठवत नाही. पब्लिशर दरमहा देतो तो पगार नव्हे, उचल आहे. गाण्याच्या कमाईतून आधी ती वळती होते.

तिथले वादक स्वरलिपी न वाचता आकड्यांवर वाजवतात. ‘जी’ (G) पट्टीत १ म्हणजे G कॉर्ड, ४ म्हणजे C, ५ म्हणजे D. गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. आपल्या पेटीवाल्यांना हे चटकन उमगेल. मुलीने स्वतःची दहा गाणी अशी आकड्यांत मांडावी.

डिग्रीबद्दल मी तुमच्याही बाजूची आहे आणि तिच्याही. मर्फ्रीसबरोच्या मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत रेकॉर्डिंग इंडस्ट्रीचा विभाग आहे, नॅशव्हिलच्याच बेलमाँटमध्ये गीतलेखन आणि म्युझिक बिझनेस शिकता येतं. कॉम्प्युटर तिच्यावर लादू नका. पण करार आणि हिशेब वाचता येतील असा एक तरी विषय तिने घ्यावाच. टेक्सासबाहेरच्या सरकारी विद्यापीठाची फी स्थानिकांपेक्षा जास्त पडते, ती आधी बघा.

व्हिसाचं पत्रात काही नाही. मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर तिला पैसे घेऊन गाता येणार नाही आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जाही संपतो. वकिलाला आत्ताच भेटा.

सुट्टीत तिला आठवडाभर नॅशव्हिलला न्या. ब्लूबर्ड कॅफे ही जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा आहे, सोमवारी तिथे नवख्यांना गाऊ देतात. तिने तिथे स्वतःचंच गाणं म्हणावं. मग बसून इतरांची ऐकावीत आणि परत आल्यावर वही पुन्हा उघडावी.