गावच्या वारशाच्या गोष्टी बनवायचं ॲप मुलांना वापरायला जमतंय का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की फोटो आणि आवाज जोडून गावच्या वारशाची गोष्ट तयार करायचं ॲप शाळेसाठी घेतलंय, ते वापरायला सोपं आहे का हे कसं तपासायचं, किती मुलं लागतील आणि एसयूएसची (सिस्टिम युझॅबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी) प्रश्नावली पुरेल का. मी हे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात सातवीच्या मुलांबरोबर केलंय, तर तिथलंच सांगतो.

आधी मुलांचा आकडा. पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं गणित सगळे सांगतात. पण एकेक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणींना अडखळतो, असं त्यात धरलेलं आहे, शिवाय पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. मुलं वेगळी, शिक्षक वेगळे. दहा मुलं मिळाली तरी सगळ्यांना एकदम बसवू नका. पाचांकडून वापरून घ्या, सापडेल ते दुरुस्त करून घ्या, मग उरलेली पाच.

एकट्या मुलाला "मनात येईल ते मोठ्यानं बोल" म्हटलं की ते गप्पच होतं. एका टॅबवर दोघांना बसवा. "तिथं नको दाबू", "मग कुठं?" असं आपोआप सुरू होतं आणि आपल्याला ऐकायचं असतं ते हेच. काम सांगताना बटणाचं नाव घेऊ नका, उत्तर फुटतं. आम्ही म्हणालो, "पुण्याच्या मामानं आपल्या तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ पाहिलेलं नाही. त्याला तुमच्या आवाजात दाखवा."

पुढं आपण गप्प बसायचं. शिक्षकांना हे फार जड जातं. मूल "सर, आता काय?" म्हणतं आणि आपला हात टॅबकडे जातो. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि कुठं अडलं ते वहीत लिहा.

एका मुलीनं तिच्या आजीलाच शाळेत आणलं होतं. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी थापटून कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं, ती गोष्ट आजी सांगणार होत्या. मुलीनं लाल गोळा दाबला, आजी सुरू झाल्या. तीस सेकंदांनी ॲपनं आपणहून रेकॉर्डिंग बंद केलं. नामदेवांची पाळी अजून यायची होती. पुढचं घ्यायला मुलीनं पुन्हा तोच गोळा दाबला, तर आधीचं पुसून नवं सुरू झालं. तिनं तक्रार केली नाही. आजीला म्हणाली, "आज्जी, थोडक्यात सांग की."

माझ्या वहीत 'काम पूर्ण' या रकान्यात तिच्यापुढं बरोबरची खूण आहे. गोष्टीत मात्र नामदेव आलेच नाहीत, आणि ते कच्चे ठरल्याशिवाय त्या गोष्टीत राहतं काय?

आयएसओ ९२४१-११ या वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान अशा तीन बाजू पाहायला सांगितल्यात. पहिलीवर जोर द्या आणि काम पूर्ण झालं म्हणजे काय, ते आधीच लिहून ठेवा. ॲपमधल्या फोटो-आवाजाच्या पाच चौकटी भरल्या हे पुरेसं नाही. ऐकलेली गोष्ट धड उतरली का, हे बघा. आपल्या आज्या गोष्ट सांगता सांगता अभंग म्हणतात, मागं जातात, कोण कुणाच्या घरातलं ते सांगतात. ॲपच्या चौकटीत हे मावतं का, याचीच खरी तपासणी आहे.

टायपिंगही बघा. 'त्रिविक्रम' लिहिताना जोडाक्षर सापडेना, तेव्हा तीन जोड्यांनी नुसतं 'मंदिर' लिहून टाकलं. स्क्रीनवर सगळं नीटनेटकं दिसत होतं, देवळाचं नाव तेवढं गेलं.

एसयूएस शिक्षकांना द्या, मुलांना नको. त्यातली दहा विधानं आलटूनपालटून होकारार्थी आणि नकारार्थी आहेत, मुलं तिथं हमखास गोंधळतात. प्रत्येक विधानाला १ ते ५ मधलं उत्तर असतं. विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचं उत्तर ५ मधून वजा करायचं आणि सगळ्यांच्या बेरजेला २.५ नं गुणायचं. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. हे गुण १०० पैकी असले तरी ते टक्के नव्हेत. हसऱ्या चेहऱ्यांची पट्टी दिली तर मुलं सरसकट सगळ्यात हसरा चेहरा निवडतात. त्यापेक्षा "हे परत करशील का?" विचारा आणि हो, कदाचित, नाही असे तीनच पर्याय ठेवा.

आठ दिवसांनी टॅब न देता पुन्हा विचारा. आमच्या मुलांना लाल गोळा कुठं आहे ते पक्कं आठवत होतं. देवळाची मागची बाजू कशी आहे, हे एकालाही सांगता आलं नाही. एका चौकटीत एकच फोटो बसायचा, म्हणून सगळ्यांनी समोरच्या मंडपाचाच काढलेला. जुनं विटांचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृहाच्या घडणीचा भाग) तर मागं आहे, पाठीकडून अर्धगोल. त्याच दुपारी मुलांना मागं घेऊन गेलो आणि त्या विटांवर हात ठेवायला लावला.

दुसऱ्या फेरीआधी तीस सेकंदांची मर्यादा काढून घेतली आणि थांबवायचं बटण वेगळं करून घेतलं. आजी परत आल्या, सहा मिनिटं बोलल्या, मधे अभंगही म्हणाल्या. रेकॉर्डिंग आधी त्यांना ऐकवलं आणि ठेवू का म्हणून विचारलं. हे तुम्हीही न चुकता करा. त्यांनी एक नाव दुरुस्त करायला लावलं, मग हो म्हणाल्या.