‘आमचं काय चुकलं?’

फीट येणाऱ्या मुलांचे आईवडील समोर बसले की हा प्रश्न येतोच. दिवस असताना ग्रहण पाळलं नाही, लस टोचली, देवाचा कौल घ्यायला उशीर झाला. ड्रॅव्हे सिंड्रोम, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे तान्हेपणीच सुरू होणारा फीटचा आजार, असलेल्या मुलांच्या घरात हा प्रश्न जास्तच छळतो. या आजारात पहिली फीट बहुधा वर्षाच्या आतच येते, आणि ताप, लस किंवा गरम पाण्याची आंघोळ असं काहीतरी निमित्त होतं. मग दोष द्यायला कुणीतरी सापडतंच.

डिचोलीकडचं एक कुटुंब, तपशील बदलून सांगते. बाळ सहा महिन्यांचं असताना न्हाणीतून बाहेर आणलं आणि एका बाजूचं अंग झटके देऊ लागलं. थांबेचना. पुढे ताप आला की फीट, हे ठरलेलंच. निदान झालं तोवर सासूसुनेचं बोलणं बंद झालं होतं.

“हिने काहीएक पाळलं नाही,” आजी म्हणाल्या. सून खाली बघत राहिली.

मी मुलाच्या वडिलांना रिपोर्ट सांगायला लावला. “एससीएन१ए जनुकात बदल आहे. आम्हा दोघांत तो सापडला नाही, बाळातच नव्याने झालाय.”

मग आजींना विचारलं, “त्या दिवशी न्हाऊ कुणी घातलं होतं?”

पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मीच. पाणी जरा कढतच होतं. तेव्हापासून त्याला हात लावायचा धीर होत नाही.”

सून वळून म्हणाली, “आई, मला वाटायचं तुम्हाला तो नकोसा झालाय.”

दोघी रडल्या. मी थांबवलं नाही. म्हणूनच मी एकट्या आईला कधी बोलावत नाही, सगळ्या घराला बोलावते. घरात जो सर्वात मोठ्याने बोट दाखवतो, त्याच्याच पोटात बऱ्याचदा सर्वात मोठी भीती असते. ती बाहेर आली की भांडण आपोआप ओसरतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आजींना सांगितलं, पाण्याने फक्त त्या दिवशीची फीट आणली, आजार नाही आणला. तो बदल जन्माआधीचाच. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट ड्रॅव्हे यांनी 1978 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. लसीने मेंदूला इजा झाली असं मानलेल्या 14 रुग्णांपैकी 11 जणांत याच जनुकात बदल असल्याचं 2006 मध्ये दिसलं. तेव्हा लस आपल्या मनाने टाळू नका. तापाची काळजी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर आईवडिलांचे रिपोर्ट चांगले असले तरी जनुकतज्ज्ञांना आधी भेटा.

आजींना मी घड्याळाचं काम दिलं. फीट आली की वेळ बघायची. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारायचा आणि 108 ला फोन करायचा. डॉक्टरांनी त्याआधीच द्यायला सांगितलं असेल तर तसंच करायचं.

आणखी एक कागद कायम पिशवीत हवा. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं, आणि कार्बामाझेपिन व फेनिटॉइन या फीटवरच्याच औषधांनी या मुलांच्या फीट वाढू शकतात हे ठळक लिहिलेलं. रात्रीच्या घाईत नव्या डॉक्टरला हे तोंडी सांगायचं राहून जातं. त्याची एक प्रत बालवाडीतल्या बाईंकडे द्या, लपवू नका. आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरायच्या आधी हे सगळं प्रत्येकाला एकदा करून दाखवा, मुंबईहून येणाऱ्या काकांनासुद्धा.