डोलकाठीच्या तारा बदलाव्यात का?

प्रश्न : मुंबई बंदरात चालवण्यासाठी मी २२ फुटी, वापरलेली शिडाची बोट घेतली आहे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा चकचकीत दिसतात. त्या तशाच ठेवाव्यात का?

उत्तर : चकाकीवर विसंबू नये. हे पोलाद बहुधा जिथे खारे पाणी साचते पण हवा पोहोचत नाही तिथेच कुजते, म्हणजे तारेच्या खालच्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीत आणि चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी धातूची पट्टी) डेकमधून आरपार जाते त्या भागात. तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा; तो अडकला, तर एखादा पदर तुटलेला असतो आणि ती तार बादच करावी. तारांचे वय ठाऊक नसेल किंवा १० वर्षांपुढे गेले असेल, तर आमच्या मते संपूर्ण संच बदलावा, कारण एक तार तुटली तरी डोलकाठी कोसळू शकते. नवी तार १९ पदरी, ३१६ प्रतीची आणि मूळच्याच जाडीची घ्यावी. चेनप्लेट जुनीच असताना जाड तार लावून फक्त वजन वाढते.

बसवताना शीड चढवण्याचा दोर शेंड्यापासून दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत आणून अंतर सारखे आहे ना हे पाहावे, आणि टर्नबकल (तार ताणण्याचे स्क्रू) दोन्हीकडे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. मध्यम वाऱ्यात बोट कलली असता खालच्या अंगाची तार किंचित सैल व्हावी, लोंबू नये. शेवटी टर्नबकलला स्प्लिट पिना घालाव्यात. त्यांच्या टोकांवर टेप लावावी, मात्र संपूर्ण टर्नबकल गुंडाळू नये, आत पाणी अडकते.