शिक्षा जास्त वाटते, अपील करावं का?

प्रश्न : २०१९ साली माझ्या धाकट्या भावाने आधार कार्डाच्या रंगीत झेरॉक्सवर जन्मसाल १९९९ चं १९९७ केलं. महाप्याच्या एका गोदामात एकविशीच्या पुढचीच मुलं घेत होते. दोन महिने काम केलं आणि पकडला गेला. आता कोर्टाने कलम ४२० (फसवणूक) खाली एक वर्ष, ४६८ (फसवणुकीसाठी बनावट कागद करणं) आणि ४७१ (बनावट कागद खरा म्हणून वापरणं) खाली दोन-दोन वर्षं आणि दंड अशी शिक्षा दिली. भाऊ आत आहे. केलं हे तो नाकारत नाही, पण एवढी शिक्षा? अपील केलं तर ती वाढते, असंही कुणी म्हणतं. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.
– एक बहीण, कळवा

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या निकालाचं शेवटचं पान मी तीनदा वाचलं. ‘सर्व शिक्षा एकत्रितपणे भोगाव्यात’ ही ओळ त्यात कुठेच नाही. ती नसली की शिक्षा एकामागून एक भोगायच्या, म्हणजे पाच वर्षं. ती आली तर दोन. एकच कागद, एकच नोकरी. अपिलात सगळ्यात आधी हे मागा.

अपील ठाण्याच्या सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. नुसतं अपील दाखल करून भाऊ सुटणार नाही, सोबत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागणारा अर्ज हवाच. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. उद्याच कोर्टनाक्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

अपिलात बरेचदा ‘आरोपी निर्दोष आहे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि शिक्षेबद्दल चकार शब्द नसतो. मला हे फार खटकतं. तुमच्या भावाची खरी बाजू तिथेच आहे : पहिलाच गुन्हा, तेव्हाचं वय वीस, कुणाचा पैसा बुडाला नाही, घेतला तो केलेल्या कामाचा पगार. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणीही करा. जन्मठेपेची तरतूद असलेलं ४६७ लागलं असतं, तर ही वाट बंद होती. ते लागलेलं नाही. प्रोबेशन का दिलं नाही, याची कारणं कोर्टाने लिहायची असतात. या निकालात त्यावर एक वाक्यही नाही. ओळखपत्रातली खाडाखोड कोर्टं हलक्यात घेत नाहीत, त्यामुळे निकालाची खात्री मी देणार नाही. पण मुद्दे भक्कम आहेत.

भावाच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं.

आणि अटकेनंतर कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ते धरलेत का, वकिलाकडून तपासून घ्या.